निबंध मोजण्याआधी वाचले पाहिजेत

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या पत्रव्यवहाराच्या पानावर पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातील वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची खात्रीलायक नोंद सापडली, एवढेच त्यात म्हटले होते. रुग्ण घरी गेल्यावर काय झाले, औषध किती दिवस चालू राहिले, वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यात तेच औषध दिले तर काय होईल, यांपैकी कशाचाही त्या पत्रात विचार नव्हता आणि तसा दावाही पत्रलेखकांनी केला नव्हता. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचा माग काढला, तेव्हा पुढच्या वैद्यकीय लेखनात त्याचा ६०८ वेळा उल्लेख झाल्याचे आढळले. त्याच सुमारास त्याच नियतकालिकात आलेल्या इतर पत्रांच्या वाट्याला साधारण अकरा उल्लेख आले होते. या ६०८ लेखकांपैकी ७२ टक्क्यांनी ते पत्र ‘अफूवर्गातील औषधांनी व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वापरले, आणि ८० टक्क्यांहून अधिक लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते हे सांगितलेच नाही. सूतावरून स्वर्ग गाठण्याच्या या प्रकाराची किंमत उत्तर अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी मोजली, कारण तिथे ही औषधे सढळ हाताने लिहून देण्याच्या समर्थनार्थ हेच पत्र पुढे केले जात होते.

आता हेच पत्र एखाद्या संशोधकाच्या कामगिरीच्या तक्त्यात ठेवून पाहावे. वैद्यकीय संशोधकाची नेमणूक, बढती, अनुदान किंवा पुरस्कार ठरवताना जे आकडे मांडले जातात, म्हणजे एकूण शोधनिबंध किती, त्यांना मिळालेली सायटेशन्स म्हणजे इतरांच्या निबंधांतले संदर्भोल्लेख किती, एच-इंडेक्स किती आणि ज्या जर्नलमध्ये ते छापले गेले त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर किती (या दोन्हींचे गणित पुढे येईल), त्या आकड्यांच्या हिशेबात पाच वाक्यांना मिळालेले ६०८ उल्लेख हे घसघशीत यश ठरते. पत्रलेखकांचा यात दोष नव्हता. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. दोष त्या मोजणीचा आहे, जी संदर्भोल्लेखाला गुणवत्तेचा दाखला समजते. माझे म्हणणे असे आहे की, इतरांनी दखल घेतली एवढेच संदर्भोल्लेख सांगतो. ते काम खरे आहे का आणि रुग्णाचे त्याने भले झाले का, या दोन प्रश्नांना तो उत्तर देत नाही. वैद्यकात नेमके हेच दोन प्रश्न महत्त्वाचे असल्यामुळे, संशोधकाची पारख त्याचे निबंध वाचूनच व्हायला हवी आणि आकड्यांनी त्या वाचनाची जागा घेता कामा नये.

ही मोजणी ज्याच्या कल्पनेतून आली त्याचा हेतू वेगळा होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भोल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली. अमेरिकेतील वकील एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार घेण्यापूर्वी तो निवाडा पुढे कोणत्या खटल्यात उचलून धरला गेला आणि कोणत्या खटल्यात फिरवला गेला हे एका सूचीत पाहत असत. तशीच सोय विज्ञानात झाली, तर एखादा निबंध वाचणाऱ्याला त्या निबंधावर नंतर झालेली टीकाही सापडेल आणि चुकीची, अपुरी किंवा कालबाह्य माहिती डोळे झाकून पुढे जाण्याला आळा बसेल, असे त्यांनी लिहिले होते. म्हणजे या सूचीचे मूळ काम शोधाचे आणि सावधगिरीचे होते. १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. त्यात कोणती जर्नले घ्यायची हे ठरवण्यासाठी गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी अर्विंग शेर यांनी इम्पॅक्ट फॅक्टरचे गणित वापरले. ग्रंथपाल आणि सूचिकार यांच्या सोयीसाठी घडवलेले हे माप पुढे माणसांना लावले गेले, आणि त्या स्थलांतराच्या वेळी कोणी थांबून विचारले नाही की हे माप या कामासाठी बनलेले आहे का.

इम्पॅक्ट फॅक्टरचे गणित सोपे आहे. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांचा चालू वर्षात एकूण किती वेळा उल्लेख झाला, त्या संख्येला त्या दोन वर्षांतील ग्राह्य लेखांच्या संख्येने भागायचे. ही सरासरी आहे, आणि सरासरी तिथेच उपयोगी पडते जिथे बहुतेक मोजमापे तिच्या आसपास असतात. संदर्भोल्लेखांचे तसे नाही. कोणत्याही जर्नलमध्ये मूठभर निबंधांना भरमसाट उल्लेख मिळतात आणि बाकीच्यांपैकी बहुसंख्य निबंध सरासरीच्या खालीच राहतात. ‘सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मध्यंतरी ५०० च्याही वर गेला होता, कारण कर्करोगाच्या वार्षिक आकडेवारीचे त्यातील लेख जगभरचे कर्करोग-संशोधक आपल्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात संदर्भासाठी घेतात. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० साली ७९ च्या आसपास होता आणि २०२१ साली तो २०० च्या पुढे गेला. एका वर्षात त्या जर्नलची गुणवत्ता अडीचपट झाली असे कोणी म्हणणार नाही. कोविडवर अक्षरशः रोज निबंध निघत होते आणि ते एकमेकांचे संदर्भ देत होते. तरीही त्या वर्षी तिथे प्रसूतिशास्त्रावर किंवा हिवतापावर निबंध छापलेल्या संशोधकाच्या अर्जात तो फुगलेला आकडा त्याच्या नावापुढे लागला असणार आणि कोणीतरी त्याला त्याचे गुणही दिले असणार.

त्यामानाने एच-इंडेक्स निदान व्यक्तीच्या स्वतःच्या कामाकडे पाहतो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले असतील तर त्याचा एच-इंडेक्स वीस. साधेपणामुळे तो झपाट्याने पसरला. पण ज्या संशोधकाने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि त्या तिन्हींनी उपचारपद्धती बदलली, त्याचा एच-इंडेक्स उल्लेख कितीही हजार असले तरी तीनच राहतो. आणि इतरांच्या कामाचे पंचवीस आढावा-लेख लिहून प्रत्येकाला पंचवीस उल्लेख मिळवणाऱ्याचा मात्र पंचवीस होतो. हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधी उतरत नाही. त्यामुळे तरुण संशोधक, अपत्यजन्मानंतर काही वर्षे कामातून बाहेर राहिलेली संशोधक आणि उशिरा संशोधनाकडे वळलेला डॉक्टर, हे तिघेही स्पर्धेआधीच मागे पडतात. शिवाय तो निबंधांच्या ज्या ऑनलाइन संग्रहातून काढावा त्यानुसार बदलतो. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके, पूर्वप्रकाशने (परीक्षणाआधीच खुले केलेले मसुदे) असे सगळे मोजत असल्यामुळे तिथे तो बहुधा जास्त भरतो, तर निवडक जर्नले घेणाऱ्या वेब ऑफ सायन्समध्ये कमी. अर्जदारांनी कोणत्या संग्रहातला आकडा लिहावा हे न सांगता आलेले अर्ज एकाच तक्त्यात बसवलेले मी पाहिले आहेत. त्या बैठकीत मी हा मुद्दा काढला, तेव्हा वेळ कमी असल्याचे उत्तर मिळाले, आणि मी तो पुरेशा आग्रहाने लावून धरला नाही याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या तक्त्यातल्या एका आकड्याच्या फरकावर एका गुणी अर्जदाराचे नाव खाली गेले होते.

हेही लक्षात घेतले पाहिजे की वैद्यकातील शाखा एकाच आकाराच्या नाहीत. हृदयविकार किंवा कर्करोग यांवर हजारो लोक लिहितात, म्हणून उल्लेख करणारेही हजारो असतात. जन्मजात चयापचयाच्या एखाद्या दुर्मीळ विकारावर जगात पन्नास जण काम करत असतील, तर त्यांतल्या सर्वोत्तम निबंधालाही उल्लेख तेवढेच मिळणार. निबंधाचा प्रकारही फरक पाडतो. पद्धती सांगणारे लेख मूळ शोधापेक्षा कितीतरी अधिक उल्लेखले जातात. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखला गेला आहे, आणि तो काही थोर निबंध नव्हे हे स्वतः लाउरी यांनी मोकळेपणाने मान्य केले होते.

मग उल्लेख करणारे तरी मूळ निबंध वाचतात का? २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी एका युक्तीने याचा अंदाज घेतला. संदर्भसूचीत छापलेली पानाची किंवा खंडाची चूक जशीच्या तशी पुढच्या सूच्यांत उतरत गेली, तर त्या लेखकांनी मूळ निबंध न उघडता दुसऱ्याची सूची उतरवून घेतली असणार. या हिशेबाने त्यांनी बांधलेला अंदाज असा, की उल्लेख करणाऱ्यांपैकी साधारण पाचवा हिस्साच मूळ निबंध वाचतो. अंदाजाच्या नेमकेपणावर वाद घालता येईल, पण गतानुगतिक वृत्ती संदर्भसूचीतही असते हे त्यातून स्पष्ट दिसते. २००९ मध्ये स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्नायूंच्या एका आजाराबद्दलच्या प्रचलित समजुतीचे उल्लेख-जाळे उलगडून दाखवले. समजुतीला पुष्टी देणारे निबंध पुन्हा पुन्हा उल्लेखले गेले होते, विरोधी पुरावा देणारे निबंध बाजूला राहिले होते, आणि शक्यता म्हणून मांडलेले विधान काही उल्लेखांच्या प्रवासानंतर सिद्ध तथ्य म्हणून वावरू लागले होते. संशोधकाच्या नावावर जमा होणाऱ्या उल्लेखांत या प्रकारचे किती, हे कोणताही निर्देशांक सांगत नाही.

ही चर्चा केवळ विद्यापीठीय न्याय-अन्यायाची असती, तर मी ती एवढ्या कळकळीने केली नसती. जर्मनीतील भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट हे एकेकाळी रक्तद्रवाला पूरक द्रावणांच्या विषयातले अग्रगण्य नाव होते. शस्त्रक्रियेत आणि अतिदक्षता विभागात वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिएथिल स्टार्च या द्रावणाच्या बाजूने त्यांचे निबंध भराभर निघत होते. २०१० पासून त्यांच्या कामाची चौकशी सुरू झाली, आणि आजवर त्यांचे २०० हून अधिक निबंध मागे घेतले गेले आहेत. २०१३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात त्यांच्या सात चाचण्या वगळून हिशेब केल्यावर दिसले, की अत्यवस्थ रुग्णांमध्ये या द्रावणाने मृत्यूचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. त्या चाचण्या हिशेबात धरल्या की तो धोका झाकला जात होता. निबंधांची संख्या, जर्नलांची प्रतिष्ठा, उल्लेख, मानाची पदे असे जे जे मोजले जाते ते सगळे या माणसाकडे भरपूर होते, आणि त्याच बळावर त्याचा शब्द उपचारात उतरत होता.

निबंध मागे घेतला गेला की उल्लेख थांबतात, अशीही समजूत करून घेऊ नये. अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधील निबंध अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता, त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवला गेला आणि २०१० मध्ये तो पूर्णपणे मागे घेतला गेला. पुढे झालेल्या एका पाहणीत त्याचे हजारापेक्षा जास्त उल्लेख सापडले आणि त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश त्याचे खंडन करणारे होते. वाचणाऱ्याला हे उल्लेख म्हणजे आरोपपत्र आहे हे कळते, पण मोजणाऱ्या यंत्राला ते हजार उल्लेखच दिसतात. कोविडवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दलचा मार्च २०२० मधील फ्रेंच निबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, तोपर्यंत त्याच्या नावावर तीन हजारांहून अधिक उल्लेख जमा झाले होते.

आता उलट बाजूची उदाहरणे पाहावीत. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिले, की पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूंची वाढ ज्या द्रवात केली आहे तो द्रव गाळून त्यातले सगळे जंतू काढून टाकले, तरी उरलेला द्रव सशाच्या आतड्यात पटकीसारखाच पाण्याचा साठा घडवून आणतो. म्हणजे पटकीत शरीरातले पाणी ओढून नेण्याचे काम जंतूने बाहेर टाकलेले विष करते. हा निबंध ‘नेचर’मध्ये छापला गेला होता, तरी कितीतरी वर्षे त्याचे खरे मोल ओळखले गेले नाही. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानच्या परिसंवादाला त्यांना आग्रहाने बोलावले गेले, तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. १९८५ मध्ये ते वारले. त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या कामावर सविस्तर निबंध लिहिला तो खुद्द युजीन गारफिल्ड यांनी. पटकीच्या संशोधनाचा उल्लेख-नकाशा काढून, डे यांच्या निबंधाची दखल किती उशिरा घेतली गेली हे त्यांनी दाखवले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सूचीच्या जनकाने आपली सूची कशी वापरली, तर मागे वळून, इतिहास समजून घेण्यासाठी, आणि प्रत्यक्ष निबंधांच्या आशयाशी ताडून. १९६५ च्या सुमारास कोणी समिती डे यांच्या कामाचे उल्लेख मोजायला बसली असती, तर तिला मिळालेले उत्तर साफ चुकीचे ठरले असते.

जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदावनती पत्करावी लागली, कारण एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणारा रेणू, यावरच्या त्यांच्या कामाला अनुदान मिळत नव्हते. ड्र्यू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा निर्णायक निबंध २००५ मध्ये ‘इम्युनिटी’त आला आणि तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आणि १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे द्रावण संपत आल्यावर मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली, आणि जिथे पटकीने सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते तिथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. हा अनुभव १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या नियतकालिकाचा दर्जा काय आणि त्या निबंधाला किती उल्लेख मिळाले, हे प्रश्न त्या छावणीतल्या मृत्युप्रमाणासमोर किती क्षुल्लक आहेत हे वेगळे सांगायला नको.

निबंधांच्या नुसत्या संख्येबद्दल थोडक्यात बोलून पुढे जातो, कारण ते माप सगळ्यांत कच्चे आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत : कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची कसून चिकित्सा करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. २०१८ मध्ये जॉन आयोआनिडिस आणि सहकाऱ्यांनी एका वर्षात ७२ हून अधिक, म्हणजे दर पाच दिवसांना एक, या गतीने निबंध प्रसिद्ध करणाऱ्या लेखकांचा अभ्यास केला. उत्तर दिलेल्यांपैकी अनेकांनी या चारही अटी आपण दर वेळी पाळत नसल्याचे कबूल केले. मोठ्या सहयोगी अभ्यासांमध्ये नावे खूप असणे स्वाभाविक आहे. शस्त्रक्रिया आणि कोविड लसीकरण यांवरच्या २०२१ मधील एका निबंधाला १५,०२५ सहलेखक होते, आणि जगभरच्या रुग्णालयांत नोंदी करणाऱ्यांना श्रेय मिळाले यात वावगे काही नाही. पण मग त्या निबंधाची नोंद प्रत्येकाच्या नावावर ‘एक’ म्हणून करणारी पद्धत टिकत नाही. आणि रात्रंदिवस रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला बढतीसाठी अमुक इतके निबंध हवेतच असे सांगितले, की त्याची वाट बनावट निबंध विकणाऱ्या कारखान्यांकडे वळवण्याचे काम नियमच करतात. २०२३ या एकाच वर्षात हिंदावी या प्रकाशनसंस्थेने आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले, ते बहुतांशी अशाच संशयास्पद मालामुळे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. आकडे काढून टाकले तर उरतो तो वशिला, असे लोक म्हणतात. विभागप्रमुखाच्या मर्जीतला, योग्य घराण्यातला, योग्य संस्थेचा शिक्का असलेला उमेदवार ‘एकूण छाप’ चांगली म्हणून निवडला जाई, त्या काळात ज्याला कोणाचाच आधार नव्हता अशा संशोधकाच्या हातात आकड्यांनी निदान एक कागद दिला. लहान गावातून, अनोळखी संस्थेतून आलेल्या उमेदवाराला ‘माझ्या निबंधांचा उल्लेख जगभर होतो’ असे समितीला ठणकावून सांगता येते, ही साधी गोष्ट नाही, आणि ज्यांनी वशिल्याचा चटका सोसला आहे त्यांना रोगापेक्षा इलाज भयंकर वाटला तर मी त्यांना दोष देणार नाही. पण आकड्यांनी वशिला संपवला हे खरे नाही. त्याने फक्त रूप बदलले. विभागप्रमुखाचे नाव प्रत्येक निबंधावर लागते, एकमेकांचे उल्लेख करण्याचे अलिखित करार होतात, निबंध तपासणारा परीक्षक आपलेच निबंध संदर्भसूचीत घालायला सुचवतो. ज्याच्यामागे मोठा गट आहे त्याचे आकडे वाढतात आणि एकटा पुन्हा एकटाच पडतो. वशिल्याला अटकाव करायचा असेल तर समितीने निर्णयाची कारणे लिहून देण्याचे बंधन, बाहेरचे परीक्षक आणि हितसंबंध जाहीर करण्याचा नियम ही साधने अधिक थेट आहेत.

म्हणून आकडे पुसून टाका असे मी म्हणत नाही. आकड्यांनी प्रश्न विचारावेत. एखाद्या निबंधाला असाधारण उल्लेख मिळाले असतील तर ते कोणी आणि कशासाठी केले हे पाहावे. एखाद्याच्या उल्लेखांत स्वतःचेच उल्लेख फार असतील तर त्याचे कारण विचारावे. निवडीचा पाया मात्र दुसरा हवा. अर्जदाराने आपली पाचच कामे निवडावीत, प्रत्येकात आपण नेमके काय केले ते साध्या भाषेत लिहावे, आणि त्या कामाने पुढे काय बदलले ते सांगावे : एखादी उपचारविषयक मार्गदर्शिका बदलली, एखादी घातक प्रथा थांबली, एखाद्या मोठ्या चाचणीचा आराखडा त्यावर उभा राहिला, किंवा एखादी आकर्षक कल्पना खोटी ठरली. चाचणी असेल तर ती सुरू होण्यापूर्वी नोंदवली होती का, नोंदवताना जाहीर केलेलाच निष्कर्ष-निकष, म्हणजे उपचाराचे यश मोजण्याचे माप, शेवटी मांडला का, नकारात्मक निकाल प्रसिद्ध केला का, मूळ विदा (डेटा) इतरांना तपासायला खुली आहे का, हे समितीने पाहावे. आणि त्या पाचांतील किमान दोन निबंध समितीच्या प्रत्येक सदस्याने संपूर्ण, म्हणजे पद्धतीच्या भागासकट, वाचावेत.

ही मागणी हवेतली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी व्यक्तीचे मूल्यमापन इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये असा जाहीरनामा काढला. २०१५ मध्ये संशोधन-मोजणीच्या अभ्यासकांच्या लायडन जाहीरनाम्याने आकडे जाणकारांच्या निर्णयाला पूरक असावेत, पर्याय नसावेत असे सांगितले. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुकांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकण्याचे ठरवले. आणि २०२२ मध्ये युरोपातील मूल्यमापन-सुधारणेच्या करारावर शेकडो संस्थांनी सह्या केल्या. सही करणे आणि बैठकीत तसे वागणे यांत अंतर राहते, हे मान्य आहे. कामाचे कथन लिहायला लावले की ज्याची लेखणी सफाईदार त्याला फायदा होतो, हेही खरे. म्हणूनच समितीने कथनावर न थांबता मूळ निबंध उघडले पाहिजेत. शंभर अर्ज आले तर सगळे वाचणे शक्य नाही, या अडचणीलाही उत्तर आहे. पहिली चाळणी पात्रता, विषयाशी संबंध आणि एका पानाचे कथन यांवर करता येते, आणि उरलेल्या सहासात जणांचे दोन-दोन निबंध वाचायला दोन दिवस लागतात. ज्याच्या हाती पुढची पंचवीस-तीस वर्षे विद्यार्थी, रुग्ण आणि सार्वजनिक पैसा सोपवायचा आहे, त्याच्यासाठी दोन दिवस काढता येत नसतील तर समितीत बसण्याचे निमंत्रण नाकारावे.

वाचनाची गरज सर्वांत स्पष्टपणे कुठे दिसते, तर मागे घेतलेल्या निबंधांच्या बाबतीत. भूमध्यसागरी आहार आणि हृदयविकार यांवरची स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ ही सात हजारांहून अधिक लोकांवरची चाचणी २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली आणि खूप गाजली. जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने अनेक चाचण्यांच्या आकडेवारीची छाननी केली, तेव्हा हिच्यातही काही खटकणारे दिसले. लेखकांनी स्वतः नोंदी पुन्हा तपासल्या, तर एकाच घरातल्या सदस्यांना एकाच गटात घातले गेले होते आणि एका केंद्रावर व्यक्तींऐवजी दवाखानेच्या दवाखाने एका आहाराकडे गेले होते, म्हणजे गटवाटप खऱ्या अर्थाने यादृच्छिक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, राहिले नव्हते. २०१८ मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला, चुका सविस्तर सांगितल्या, विश्लेषण नव्याने केले आणि निष्कर्षाची भाषा सौम्य करून तो त्याच जर्नलमध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. आज या लेखकांपैकी कोणी एखाद्या पदासाठी अर्ज केला, तर तक्त्यात ‘मागे घेतलेले निबंध : एक’ अशी नोंद दिसेल आणि घाईत असलेली समिती ती काळी खूण समजेल. तीच समिती मागे घेतल्याची सूचना आणि दुरुस्त निबंध शेजारी ठेवून वाचेल, तर जगप्रसिद्ध झालेले स्वतःचे काम पुन्हा तपासून त्यातली चूक छापील शब्दांत कबूल करणारा संशोधक तिला तिथे भेटेल, आणि माझ्या हाती मत असेल तर ते मी त्याला देईन.